एकतीस वर्षांचा तेपोकाते

ओतिलिओ पेद्रासाचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. आक्तोपान गावाच्या पलीकडे, घायपाताच्या बांधांमध्ये त्याची वस्ती. पाचुका शहराला जाणारी पहिली बस साडेचारला हमरस्त्यावर यायची आणि हमरस्ता वस्तीपासून चार किलोमीटर. ते तो चालत यायचा. बस चुकली की त्या दिवसाचा खाडा. एकतीस वर्षांत त्याचे खाडे किती झाले, हे हिल्दार्दो मोन्साल्वो आजही बोटांवर सांगतो. आई गेली तेव्हा दोन, मुलगी झाली तेव्हा एक आणि ओढ्यावरचा पूल वाहून गेला तेव्हा एक. एका हाताची बोटंही पुरी लागत नाहीत.

हिल्दार्दो मिस्त्री, ओतिलिओ त्याचा बिगारी. काम सातला सुरू. मिस्त्री येऊन टोपी खिळ्याला अडकवेपर्यंत वाळू चाळून झालेली असायची, पिंपं भरलेली असायची, घमेली खरवडून पालथी घातलेली असायची. बिगाऱ्याची पारख त्याच्या घमेल्यावरून करावी. आळशी माणसाच्या घमेल्याला आतून वाळलेल्या मालाचा थर चढत जातो आणि महिन्याभरात रिकामं घमेलंच दोन किलो जास्त भरतं. ओतिलिओचं घमेलं वर्षभरानंतरही दुकानातून आणल्यासारखं असायचं.

सिमेंटची गोणी पन्नास किलोची. उचलताना वाकायचं ते गुडघ्यात, कमरेत नाही. गोणी मानेवर टाकायची नाही, दोन खांद्यांच्या मध्ये घ्यायची. आणि जिना चढताना बोलायचं नाही, बोलण्यात श्वास जातो. हे त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं.

पण साइटवर त्याला ओतिलिओ कोणी म्हणत नसे. तो तेपोकाते.

तेपोकाते म्हणजे बेडकाचं पिल्लू, डबक्यात शेपूट हलवत फिरतं ते. हे नाव हिल्दार्दोनंच ठेवलं, पहिल्या दिवशी, पहिल्या तासात. ओतिलिओ तेव्हा विशीचा. घरी ओतोमी, तिथल्या मूळ रहिवाशांची भाषा, बोलायचा. स्पॅनिश शाळेत चार वर्षं कानावर पडलेली, तेवढीच. भरलेलं घमेलं खांद्यावरून उतरवून तो म्हणाला, "मिस्त्री, माल आली."

परांचीवरचे सगळे हात थांबले.

"काय आली?" हिल्दार्दोनं विचारलं.

"माल."

"माल आली! ऐकलंत का रे? माल आली!" हिल्दार्दोनं थापीच कपाळाला लावली. "अरे, हा तर तेपोकाते! पिक्चरमधून उतरून थेट कामावर आलाय!"

हसणं परांचीवरून खाली पायापर्यंत गेलं. ओतिलिओही हसला. सगळे हसत होते म्हणून.

यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. पाचुकातल्या कुठल्याही साइटवर टोपणनावाशिवाय माणूस नसतो. एकाला डुक्कर म्हणायचे, एका दाढीवाल्याला विधवा, खुद्द हिल्दार्दोला त्याच्या डोक्यावरून भोपळा. फरक एवढाच की डुक्कर आणि विधवा शनिवारी पगार घेऊन घरी गेले की पुन्हा आपापल्या नावाचे व्हायचे. ओतिलिओचं नाव बसमध्ये त्याच्याबरोबर चढलं आणि वस्तीपर्यंत गेलं.

पिक्चर म्हणजे कंदिलवाल्याचे. एकूण पाच. हिल्दार्दो सात वर्षांचा होता तेव्हा पहिला लागला, बारा वर्षांचा झाला तेव्हा पाचवा. कंदिलवाला हा मुखवट्याचा पैलवान. कपाळावर खाणकामगाराचा दिवा, खांद्यावर काळा झगा. खाणीत उतरलेल्या भुतांना, सोनं चोरणाऱ्यांना, मेलेल्या शास्त्रज्ञांना तो आखाड्यातल्या डावांनी लोळवायचा. हिल्दार्दोचा बाप खाणीत होता. संध्याकाळी तो घरी यायचा तेव्हा त्याच्याही कपाळावर दिव्याच्या पट्ट्याचा वळ असायचा. पोराला दुसरा देव लागला नाही. आईनं मैद्याच्या पोत्याचा मुखवटा शिवून दिला आणि तो डोळ्यांची भोकं फाटून एक होईपर्यंत त्यानं घातला. पाचही पिक्चरमधले संवाद त्याला पाठ होते आणि पुढे पन्नास वर्षं ते त्याच्या तोंडात राहिले. स्लॅब पडला की कंदिलवाल्याचं वाक्य, ठेकेदारानं पगार लांबवला की कंदिलवाल्याचं वाक्य.

कंदिलवाल्याच्या मागे ओझं घेऊन चालणारा एक नोकर होता. तोच तेपोकाते. सगळ्यात जास्त हशा त्याला.

"थकलास का, तेपोकाते?" कंदिलवाला विचारायचा.

"दगड थकते काय, मालक?" तो म्हणायचा. मग थेटर कोसळायचं.

ही जोडी हिल्दार्दोनं साइटवर आणली. तिसऱ्या मजल्यावर गोणी घेऊन ओतिलिओचं डोकं जिन्यातून वर दिसलं की हा वरून ओरडायचा, "थकलास का, तेपोकाते?" उत्तर काय द्यायचं ते त्याला शिकवलेलं होतं. सुरुवातीची काही वर्षं त्यानं ते दिलं. पुढे नुसता हात वर करायचा. हिल्दार्दोनं विचारायचं मात्र सोडलं नाही.

ओतिलिओनं ते पिक्चर पाहिलेले नव्हते. वस्तीवर थेटर नव्हतं, पाचुकात थेटरला थांबावं तर शेवटची बस जायची. एकदा जेवायच्या सुट्टीत, पास्ते, म्हणजे बटाटा-मटण भरलेली भाजकी करंजी, खाता खाता त्यानं विचारलं, "मिस्त्री, हा तेपोकाते कोण?"

"कंदिलवाल्याचा जोडीदार," हिल्दार्दो म्हणाला. "त्याच्याशिवाय कंदिलवाला एक पाऊल टाकत नाही."

हे खोटं नव्हतं. ओझं तोच उचलायचा, तेव्हा पाऊल कसं टाकणार? ओतिलिओनं मान हलवली आणि हे घरी जाऊन बायकोला सांगितलं. पुढे मुलगी झाली, यारेली. तिला बाप्तिस्म्याला हातात धरलं हिल्दार्दोनं. त्या दिवसापासून दोघं एकमेकांचे कोंपाद्रे झाले, मुलीचा बाप आणि मुलीचा धर्मपिता. 'मिस्त्री' आणि 'तुम्ही' गेलं, 'कोंपाद्रे' आणि 'तू' आलं. यारेली थोडी मोठी झाल्यावर शाळेत सांगायची, माझा बाबा कंदिलवाल्याचा जोडीदार आहे.

हाडं बोलायला लागली तेव्हा ओतिलिओनं साइट सोडली आणि आक्तोपानच्या रस्त्याला दर रविवारी बार्बाकोआ लावायला लागला. शनिवारी दुपारनंतर भट्टीच्या खड्ड्यात लाकूड पेटवायचं, दगड तापवायचे, घायपाताच्या पानांत गुंडाळलेलं मेंढीचं मटण पुरायचं आणि रविवारी उजाडताना उकरायचं. फळी यारेलीनं रंगवली. 'बार्बाकोआ एल तेपोकाते', शेजारी कपाळावर दिवा लावलेलं बेडकाचं हसरं पिल्लू. ट्रकवाले लांबून ओळखायचे.

आणि मग पाचुकात ते पिक्चर परत आले. कुठल्याशा जुन्या गोदामात प्रती सापडल्या होत्या. सिनेमावेड्या पोरांच्या एका मंडळानं त्या धुऊन-पुसून घेतल्या आणि पाच शनिवार, दुपारी चार वाजता, एका जुन्या हॉलमध्ये लावायचं ठरवलं. हिल्दार्दोनं भिंतीवरचा कागद वाचला आणि भर रस्त्यात त्याचे डोळे भरून आले. तो तेव्हा सदुसष्ट वर्षांचा.

घरच्या पैशाला हात लावायचा नाही हे त्यानं आधीच ठरवलं. शेजारच्या गल्लीतल्या एकाची टाकीमागची भिंत गिलाव्यावाचून पडली होती. ते काम त्यानं घेतलं. सहा दिवस. उजवा खांदा वर जात नव्हता, म्हणून वरचा भाग डाव्या हातानं केला आणि मग ओळंबा लावून पाहिला. डाव्या हाताचा भाग दोन सूत बाहेर आला होता. मालकाला ते दिसलंही नसतं. हिल्दार्दोनं तेवढा भाग उतरवून पुन्हा केला, सातव्या दिवशी, बिनपैशानं.

"साठी उलटली आणि मुखवट्याचं वेड परत लागलं," बायको लिचा म्हणाली. "खांद्याला तेल मी चोळायचं आणि तिकीट कोणाला? तेपोकातेला."

"त्यानं आयुष्यात पाहिला नाहीये गं. स्वतःचा पिक्चर!"

मजुरीतून त्यानं दोघांसाठी पाचही शनिवारचे पास घेतले आणि पाच पिक्चरच्या तबकड्यांची एक पेटी, कोंपाद्रेला भेट द्यायला. एक नोट उरली, ती घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली.

पहिल्या शनिवारी ओतिलिओ आला. भट्टी त्या दिवशी त्यानं प्रथमच एकट्या यारेलीवर सोडली होती. पांढरा शर्ट, इस्त्रीची घडी बाहीवर दिसत होती. नवी टोपी.

"काय रे, लग्नाला आलायस का?" हिल्दार्दो म्हणाला.

"यारेलीनं घालायला लावलं. म्हणाली, बाबा, तुझा पिक्चर आहे."

हॉल भरला होता. निम्मे म्हातारे, निम्मी पोरं. मंडळातली एक मुलगी माइक घेऊन उभी राहिली. "लहानपणी हे पिक्चर थेटरात पाहिलेलं कोणी आहे का इथे?" हिल्दार्दोचा डावा हात आपोआप वर गेला. माइक त्याच्याकडे आला. तो थोडक्यात बोलणारा माणूस, पण त्या दिवशी सुटला. बापाच्या कपाळावरचा वळ सांगितला, मैद्याच्या पोत्याचा मुखवटा सांगितला. शेवटी ओतिलिओच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आणि हा माझा कोंपाद्रे. एकतीस वर्षं आम्ही एकत्र काम केलं. पडद्यावरचा तेपोकाते तुम्ही पाहालच. खरा तेपोकाते हा!"

म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. ओतिलिओ उभा राहिला, टोपी काढून त्यानं चारी बाजूंना मान लववली आणि खाली बसला.

अंधार झाला. खाणीचं तोंड आलं, कंदिलवाल्याचा दिवा आला. हिल्दार्दोला छातीत गरम वाटलं. मग मागून, चार गाठोड्यांखाली दबलेला तेपोकाते आला. गुडघ्यापर्यंतची पांढरी विजार, अनवाणी पाय. तोंडाला काहीतरी फासून रंग काळपट केलेला. "मी उचलते, मालक," तो म्हणाला. कंदिलवाल्यानं त्याच्या मानेवर एक चापट मारली. गाठोडी पडली. हिल्दार्दो हसला, हॉलमध्ये सगळ्यांत मोठ्यानं.

त्याच्या हसण्याला जोड मिळाली ती पुढच्या दोन-तीन म्हाताऱ्यांची. पोरांच्या बाजूनं काही आवाज आला नाही.

दुसरी चापट आली. तिसरी आली. तेपोकातेनं सरडा पकडून खाल्ला. भूत दिसल्यावर त्यानं आपल्या भाषेत देवाला हाक मारली. ती कुठलीच भाषा नव्हती, नुसते बेडकासारखे आवाज होते. हिल्दार्दोनं शेजारी पाहिलं. ओतिलिओ टोपी गुडघ्यांवर धरून ताठ बसला होता. जिना चढताना असायचा तसाच त्याचा चेहरा होता. तोंड मिटलेलं, श्वास आत.

आता हिल्दार्दोला पुढचं सगळं आठवू लागलं, एक प्रसंग आधी. पाठ होतं ना. हा बूट पुसणार, आता हा कुत्र्याच्या ताटातलं उचलणार. आठवायचं आणि मग ते पडद्यावर यायचं. उठून कोंपाद्रेला बाहेर न्यावं असं त्याला वाटलं. पण काय सांगून न्यायचं? तो बसून राहिला.

"थकलास का, तेपोकाते?"

"दगड थकते काय, मालक?"

शेवटी खाणीचा मालक सगळ्यांना बक्षिसं वाटतो. तेपोकाते पुढे येतो आणि म्हणतो, मला कपाळावरचा दिवा पाहिजे. मला पण आत जाऊन खोदता येते. कंदिलवाला हसतो. "तेपोकातेनं दिवा घेतला, तर ओझं कोण उचलणार?" आणि त्याच्या पाठीवर सोन्याचं पोतं टाकतो.

हे वाक्य हिल्दार्दो विसरला होता. म्हणजे पिक्चरमधलं आहे हे विसरला होता. वाक्य त्यानं वापरलं होतं.

बाविसेक वर्षांपूर्वी, शाळेच्या इमारतीच्या कामावर. बिगारी आणि मिस्त्री यांच्या मध्ये एक पायरी असते, तिला 'अर्धी थापी' म्हणतात. थापी हातात येते, मजुरी वाढते आणि पाठ मोकळी होते. इंजिनिअरनं विचारलं होतं, "मोन्साल्वो, यंदा अर्धी थापी कोणाला द्यायची? तुझा तो कसा आहे?" ओतिलिओ त्या दिवसांत रोज जेवायच्या सुट्टीत संडासाच्या मागच्या भिंतीवर गिलावा शिकत होता. ती भिंत हिल्दार्दोनं गुपचूप ओळंबा लावून पाहिलेली होती. एका सुताचीही चूक नव्हती. आणि तरी तो इंजिनिअरला हसवायला म्हणाला होता, "तेपोकातेनं थापी घेतली, तर ओझं कोण उचलणार?" इंजिनिअर पोट धरून हसला. थापी दुसऱ्याला गेली. ओतिलिओ पुढची सगळी वर्षं गोण्याच वाहत राहिला.

दिवे लागले. काही लोक ओतिलिओकडे बघत होते आणि नजर वळवत होते. माइकवाली मुलगी त्यांच्याकडे यायला निघाली होती, ती मध्येच थांबली.

दोघं बसथांब्यापर्यंत चालत आले. मग ओतिलिओ म्हणाला, "त्याला खरं नाव नाहीच का? त्या माणसाला."

"कोणाला?"

"तुम्ही मला ज्याचं नाव दिलं, त्याला."

'तुम्ही' हिल्दार्दोनं ऐकलं. "जुना पिक्चर आहे, कोंपाद्रे. तेव्हा तसलंच असायचं."

"हो, जुना आहे." ओतिलिओनं टोपी डोक्यावर नीट बसवली. "'माल आली' मी किती दिवस म्हणालो असेन?"

"महिना-दोन महिने. लगेच शिकलास तू."

"आणि तुम्ही किती दिवस म्हणालात?"

हिल्दार्दोला उत्तर ठाऊक होतं. एकतीस वर्षं. त्यानं हातातली पेटी पुढे केली.

"यात बाकीचे आहेत?"

"पाचही."

"सगळ्यांत आहे तो?"

"आहे."

"राहू द्या, मिस्त्री," ओतिलिओ म्हणाला. बस आली. तो चढला.

हिल्दार्दो पुढच्या शनिवारी हॉलकडे गेला नाही. सात दिवस त्यानं स्वतःशी हुज्जत घातली. आपण चापट तर कधी मारली नाही. पोरीचा बाप्तिस्मा आपल्या हातांत झाला. सगळ्यांनाच नावं होती, मला भोपळा म्हणतच होते की. पण भोपळ्याला कोणी थापी नाकारली नव्हती. हिशेब कसाही मांडला तरी त्या शाळेच्या भिंतीशी येऊन अडायचा. गिलाव्यातली चूक उतरवून पुन्हा करता येते. बावीस वर्षांचा भार कुठून उतरवायचा?

रविवारी तो आक्तोपानच्या रस्त्यावर उतरला. फळी नव्हती. खांबावर चार खिळ्यांची भोकं होती. गर्दी नेहमीसारखीच. "तेपोकाते, अजून दोन दे रे!" एक ट्रकवाला ओरडला आणि ओतिलिओनं सवयीनं मान वर केली. फळी काढली तरी नाव तिथेच होतं, लोकांच्या तोंडात. हे हिल्दार्दोनं पाहिलं आणि त्याला तिथून परत फिरावंसं वाटलं.

तो रांगेत उभा राहिला. नंबर आला तेव्हा म्हणाला, "ओतिलिओ."

चाळीस वर्षांच्या ओळखीत हे नाव त्यानं हाक म्हणून पहिल्यांदा उच्चारलं. तोंडात ते नीट बसलंही नाही.

"बोला, मिस्त्री."

"शाळेच्या कामावर इंजिनिअरनं मला अर्ध्या थापीचं विचारलं होतं. तुझ्याबद्दल. मी..."

"ठाऊक आहे." ओतिलिओ मटण तोडत होता, सुरी थांबली नाही. "मी जिन्यातच होतो. गोणी पाठीवर होती."

"मग कधी बोलला नाहीस?"

"जिना चढताना मी बोलत नाही." त्यानं हाड बाजूला काढलं. "मला वाटलं, तुम्हाला माझं काम कच्चं वाटलं असेल. म्हणून आणखी दोन वर्षं त्या भिंतीवर गिलावा करत राहिलो. त्या शनिवारी कळलं, ते वाक्य पिक्चरमधलं होतं."

"काम पक्कं होतं. मी ओळंबा लावून पाहिलं होतं."

आता सुरी थांबली. ओतिलिओनं त्याच्याकडे पाहिलं. मग मागे हात केला, जिथे यारेली तव्यावर तोर्तिया उलटत होती. "मला सांगून काय उपयोग? तिला सांगा. तेपोकाते कोण, ते तिला मी सांगितलं होतं. तुमच्याकडून ऐकून."

यारेली वळली. "काय सांगायचंय, पाद्रिनो?"

धर्मपित्याला असंच म्हणतात. हिल्दार्दोनं टोपी काढली आणि सांगितलं. मागे रांग उभी होती, तिच्यादेखत. माल आली सांगितलं, गोण्या सांगितल्या, चापटा आणि सरडा सांगितला, शाळेची भिंत आणि ओळंबा सांगितला. कमी करून काही सांगितलं नाही. शेवटी म्हणाला, "तुझ्या बापाचं काम माझ्यापेक्षा सरळ होतं. मला ते ठाऊक होतं आणि मी लोकांना हसवलं."

तव्यावरची तोर्तिया करपली. यारेलीनं ती काढून टाकली, दुसरी टाकली. रडली नाही, ओरडली नाही. "किती द्यायचं?" एवढंच तिनं विचारलं.

"अं?"

"मटण. पाव किलो की अर्धा?"

"पाव."

ओतिलिओनं तोलून दिलं, वर चमचाभर जास्त नाही, कमी नाही. रश्श्याचा वाडगा स्वतः समोर ठेवला. "गरम आहे," म्हणाला. हिल्दार्दो बाकावर कडेला बसून जेवला. पानात काही टाकलं नाही.

नऊ वर्षं तो या बाकावर जेवत आला होता आणि नऊ वर्षांत त्याच्याकडून कोणी पैसे घेतले नव्हते. खिशाकडे हात गेला की यारेली म्हणायची, लाज नाही वाटत का, पाद्रिनो? आज तो उठला, खिशातली घडीची नोट काढली आणि तिच्यासमोर धरली. टाकीमागच्या भिंतीच्या मजुरीतली उरलेली ती एकच.

यारेलीनं ओला हात एप्रनला पुसला, नोट घेतली, गल्ल्यात टाकली, उरलेली मोड त्याच्या तळहातावर ठेवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला विचारलं, "तुम्हाला काय देऊ?"